माझ्या मापाचा खड्डा

"तुमच्याच मापाचा काढलाय, सेक्रेटरीसाब," हुसेनसाब म्हणाला आणि पहारीच्या टोकाला चिकटलेला मुरूम अंगठ्यानं खरवडू लागला. शिंप्यानं गिऱ्हाइकाला शिवलेला कोट दाखवावा तसा त्याचा चेहरा होता. शनिवारची दुपार, मिलचा साडेतीनचा भोंगा नुकताच होऊन गेलेला. आमच्या मंडळीच्या दफनभूमीतल्या दोन्ही कडुलिंबांचा पाला त्या वर्षी शेळ्यांसाठी लोकांनी ओरबाडून नेला होता, त्यामुळं सावली म्हणून नव्हतीच. माझ्या मापाचा म्हणजे काय, मी विचारलं. तो म्हणाला, पाळकसाहेबांनी एक खड्डा तयार ठेवायला सांगितलं, पण माप कुणाचं धरायचं ते सांगितलं नाही, आणि अजून मेलाच नाही त्या माणसाचं माप आणायचं कुठून. मग त्यानं डोकं चालवलं. "तुमच्या लोकांत सगळ्यात लांब कोन? तुमी. तुमाला पुरला म्हंजे कुनालाबी पुरतो." मागच्या रविवारी मी चर्चच्या दारातून बाहेर पडताना माझं डोकं चौकटीला कुठं येतं ते त्यानं बघून ठेवलं होतं आणि सगळे गेल्यावर ती चौकट काठीनं मोजली होती. मी हसलो. हसणं भागच होतं. सोलापुरात चोपन्न वर्षं काढलेला माणूस, मिलच्या गेटवरचा टाइमकीपर, मंडळीचा सेक्रेटरी, तो काय कबर खणणाऱ्यासमोर पांढराफटक पडणार? पण हसता हसता नजर खाली गेली. खालच्या पिवळट मुरमात पहारीचे वार दिसत होते, एकाखाली एक, नेटके, आणि डोक्याच्या बाजूला त्यानं चार बोटं जागा जास्त सोडली होती. मोजायला आणलेली टेप मी खिशात घातली आणि खड्डा न मोजताच त्याला चांगला झालाय म्हणून सांगितलं.

गंमत अशी की त्या खड्ड्याचा ठराव मीच मांडला होता. त्र्याहत्तर सालचा तो मे महिना. पाठोपाठची सालं कोरडी गेली होती आणि जमीन अशी वाळली होती की पहार आपटली की ठिणगी उडायची. फेब्रुवारीत आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या रंभाबाई वारल्या तेव्हा हुसेनसाबला एका कबरीला दोन दिवस लागले आणि बाईंना बर्फाच्या लाद्यांवर ठेवावं लागलं. लाद्या वितळून पाणी ओसरीवरून वाहू लागलं तशा शेजारच्या बायका बादल्या घेऊन आल्या. मेलेल्या माणसाखालचं पाणी, पण शेळीला चालेल, म्हणाल्या. त्यानंतर पंचांची सभा भरली आणि मी उठून म्हणालो, एक कबर नेहमी खणून ठेवावी, ती भरली की लगेच दुसरी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ठराव इतिवृत्ताच्या वहीत उतरवला, "सदैव तयार असावी" असं लिहिलं, आणि तो सदैव शब्द मला आवडलासुद्धा. लिहिताना शब्दाचं काही वाटत नाही. ते वाटायला त्याच्या काठावर उभं राहावं लागतं.

सायकलवर टांग टाकून निघालो, पण पायडल मारतोय ते आपले पाय आहेत असं वाटेना. मरणाची मला भीती नाही असं मी कितीतरी प्रार्थनांत मोठ्यानं म्हटलं आहे, आणि ते म्हणताना माझा आवाज चांगला लागतो असं लोक म्हणतात. ऊन तोंडावर येत होतं, तोंडात मुरमाची चव होती, आणि छातीत डाव्या बाजूला काहीतरी हललं की मी सायकल हळू करत होतो. ही भीती मरणाची नव्हती. मरतात सगळेच, त्यात काय. ही उशीर झाल्याची भीती होती, आणि उशिराचं मला जेवढं कळतं तेवढं सोलापुरात कुणाला कळत नसेल. मिलचा भोंगा झाला की मी पाच मिनिटं फाटक उघडं ठेवतो. सहाव्या मिनिटाला लावतो. वीस वर्षांत एकदाही सातव्याला लावलं नाही. बाहेर राहिलेली माणसं गज धरून उभी राहतात, बायको अडली होती, सायकल पंक्चर झाली, नळाला पाणी आलं नाही, असं तेलुगूत, कानडीत, उर्दूत सांगत राहतात, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवतो. दिव्यात तेल न ठेवल्यामुळं लग्नघराच्या दाराबाहेर राहिलेल्या बायबलातल्या कुमारींवर पाळकसाहेबांचं प्रवचन असलं आणि ते दार लागण्यापाशी आले, की मंडळीतले मिलवाले माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसायचे. मलाही बरं वाटायचं. देव आणि मी एकाच खात्यात नोकरीला आहोत असं वाटायचं. त्या दिवशी सायकलवर पहिल्यांदा मी गज धरून बाहेर उभा होतो, आणि आतला माणूस माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. घरी पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी महिन्यातला पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा. द्राक्षरसासाठी मनुका उकळायचं काम वर्षानुवर्षं आमच्या घरी आहे. माझी बायको रिबका मनुका निवडत होती. ती म्हणाली, तुमचं तोंड असं का झालंय. मी खड्ड्याचं सांगितलं, गमतीनं सांगावं तसं. तीही हसली. म्हणाली, उंच नवरा केल्याचा हा एक फायदा, मला आत ऐसपैस होईल. तिच्या बोलण्यात काही नव्हतं, ती अशीच आहे, पण मी उठून मोरीत गेलो आणि पाणी नसलेल्या नळाखाली हात धरून उभा राहिलो. तिला ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. चौदा वर्षं मी तो प्याला प्यालेलो नाही. मंडळीत ते कुणालाच ठाऊक नाही, कारण तबक घेऊन बाकाबाकांतून फिरतो तो मीच. वाटणाऱ्याकडं कोण बघतं? सगळे डोळे मिटून असतात. शेवटी माझ्या वाट्याची पेली तबकात तशीच राहते, मी तबक झाकून मागच्या खोलीत नेतो आणि ती पेली खिडकीतून ओतून देतो. पावाचा तुकडा खिशात घालतो, घरी चिमण्यांना टाकतो. शास्त्र सांगतं, मनात भावाविषयी काही ठेवून त्या मेजाशी बसू नये, आधी जाऊन समेट करावा. मी शास्त्र पाळलं. फक्त अर्धंच पाळलं. बसलो नाही, आणि गेलोही नाही. जाईन, ईस्टर होऊ दे, पाऊस होऊ दे, मिलमधलं इन्स्पेक्शन होऊ दे, असं करत करत चौदा वर्षं निघून गेली. दर वर्षी मला वाटायचं, अजून फाटक उघडं आहे. मनुका उकळायला लागल्या तसा गोड वास घरभर झाला आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

जायचं होतं ते माझ्या थोरल्या बहिणीकडं, एस्तेरकडं. मी तिला आक्का म्हणतो. आमचे वडील रावजी गेल्यावर तिनंच मला शिकवलं, दवाखान्यात नर्स होती, स्वतः दोन लुगड्यांवर राहून मला मॅट्रिक केलं. नवरा लवकर गेला, तिला एकच मुलगी, सलोमी. एकोणसाठ साली सलोमी पाच वर्षांची होती. तिला ताप लागला तो उतरेना, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा शेजारची कुणी बाई म्हणाली, अक्कलकोटला घेऊन जा, आणि आक्का गेली. येताना पोरीच्या मनगटाला काळा दोरा होता आणि कपाळाला अंगारा. दुसऱ्या दिवशी अख्ख्या मंडळीला कळलं. मी तेव्हा नुकताच सेक्रेटरी झालो होतो, नवा मुल्ला जरा जास्तच नमाज पढतो तशातला. पंच म्हणाले, दोरा तोडायला सांगा, पश्चात्ताप करायला सांगा. मी सांगायला गेलो. आक्का पोरीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, "ताप उतरू दे, मग तोडते. आत्ता हात लावायचं मला धाडस होत नाही." एवढंच म्हणाली. तिचा दोऱ्यावर विश्वास नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तिचे हात घाबरले होते फक्त. पण घाबरलेल्या हातांसाठी नियमात कलम नव्हतं. रविवारी मी व्यासपीठावर उभा राहिलो आणि एस्तेर हिचं नाव सभासदांच्या यादीतून काढण्यात येत आहे, असं वाचून दाखवलं. माझी सख्खी बहीण असूनही मी वाचतो, याचं लोकांना केवढं कौतुक वाटलं. मला हात मिळवायला आले होते.

त्यानंतर दहा दिवसांनी सलोमी गेली. बुधवार होता. पहाटे आक्का माझ्या दाराशी आली, डोक्यावरून पदर, पायांत काही नाही. म्हणाली, नथू, तिच्या बापाशेजारी जागा दे. आणि मी काय म्हणालो? मी नाही म्हणालो नाही. हे मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे, की मी नाही म्हणालो नाही. मी म्हणालो, सभासद नसलेल्याच्या मुलाचा प्रश्न आहे, पंचांची सभा बोलवावी लागेल, रविवारी बोलवतो. एप्रिलचा महिना, सकाळी आठला अंग भाजत होतं, आणि मी एका मेलेल्या लेकराला रविवारपर्यंत थांबायला सांगितलं. आक्का माझ्याकडं बघत राहिली. मी कुठली भाषा बोलतोय ते तिला समजत नसावं असं बघत राहिली. वळसंगचे सिद्रामप्पा म्हणून एक शेतकरी बाजारासाठी गाडी घेऊन सोलापुरात आले होते. त्यांच्या सुनेचं बाळंतपण कधीतरी आक्कानं केलं होतं. दुपारी ते तिला आणि त्या गुंडाळलेल्या पोरीला गाडीत घालून घेऊन गेले. लिंगायतांत पुरायचीच रीत. त्यांनी आपल्या घरच्या माणसांच्या जागेत, बांधाच्या कडेला, जागा दिली. कुणाला विचारलं नाही, सभा बोलावली नाही. आक्का परत आलीच नाही. तिथंच राहिली, सुईणपण करत, इंजेक्शनं देत. आणि चौदा वर्षांनी त्याच पंचांनी, त्याच वहीत, कुणी मेलेलंही नसताना एका कबरीची सोय केली. पंधरा मिनिटांत ठराव झाला.

रविवारी मी तबक उचललं. माझ्या मागं पाळकसाहेबांचा आवाज, पुढं पांढऱ्या कपड्यांतली वाकलेली डोकी. तिसऱ्या बाकापाशी काचेच्या पेल्या एकमेकींवर किणकिणायला लागल्या. मी तबक घट्ट धरलं तसा आवाज वाढला. एका म्हाताऱ्या बाईनं डोळे उघडून माझ्या हातांकडं बघितलं. मला एकदम खात्री वाटली की हे हात थांबणार नाहीत, की हे असंच सुरू होत असतं, आधी हात, मग छाती, आणि मी इथंच या दोन बाकांच्या मधल्या वाटेवर कोसळणार, सगळ्यांना वाटेल काय भाग्याचं मरण, प्याला वाटता वाटता गेला. आणि तिकडं, पलीकडं, मला विचारतील, तुझा प्याला कुठाय? एक पेली कलंडली आणि त्या बाईच्या पांढऱ्या पातळावर तांबडा डाग पसरत गेला. पदर पुढं ओढून तिनं तो झाकला. मी तबक जवळच्या पंचांच्या हातात दिलं, अगदी व्यवस्थित दिलं, आणि आशीर्वादाआधी चर्चमधून बाहेर पडलो. असं मी आयुष्यात केलं नव्हतं. रिबकाला काही सांगितलं नाही. एस.टी. स्टँडवर वळसंगवरून जाणारी अक्कलकोटची गाडी लागलेली होती.

गाडीत मी मधल्या जागेवर बसलो. पुढं बसलं तर टक्कर, मागं बसलं तर उलटली म्हणजे, असा हिशेब केला. माणूस किती हास्यास्पद होतो. चौदा वर्षं यमाला ताटकळत ठेवलं आणि आता एक तास दे म्हणून त्याच्या हातापाया पडत होतो. देवाला मी म्हणत होतो, वळसंगपर्यंत. फक्त वळसंगपर्यंत. त्यापुढं तुझी मर्जी. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या, डोक्यावर ओले फडके घेऊन. रविवार असूनही काम चालू होतं. शेतं काळी नव्हेत, राखेच्या रंगाची झालेली, आणि मध्येच एखादं बाभळीचं झाड. गाडी एका जनावरासाठी कचकन थांबली तर माझ्या तोंडून नकळत देवाचं नाव गेलं. शेजारचा माणूस म्हणाला, घाबरू नका, म्हैस हाय. छातीत हललं की मी घड्याळ बघायचो. मला वाटतं त्या एका तासात मी जितकी प्रार्थना केली तितकी चौदा वर्षांत मिळून केली नसेल, आणि त्यातला एक शब्दही आक्कासाठी नव्हता. हे त्या वेळी माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आक्काचं घर विचारावं लागलं नाही. नर्सबाई म्हटल्यावर एकानं हात केला. ती ओट्यावर सुपात मिलो पाखडत बसली होती, रेशनची ती लाल ज्वारी. केस सगळे पांढरे. तिनं मान वर केली, मला बघितलं, आणि सूप न थांबवता म्हणाली, "नथू. लई वाळलास की." जसा मी परवाच येऊन गेलो होतो. तिनं आतून अर्धा तांब्या पाणी आणून दिलं. अर्धाच का ते मला माहीत होतं. मी पाणी प्यालो आणि गाडीत जुळवलेलं सगळं बोललो. काय बोललो ते आता आठवलं तरी कानशिलं तापतात. त्यात नियम होता, त्या वेळची परिस्थिती होती, पंचांचं मत होतं, माझं नवखेपण होतं, आणि शेवटी कुठंतरी क्षमा होती. ती खडे वेचत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "काय आजार निघालाय तुला?"

आजार नाही म्हणालो.

"मग आज कसं सुचलं? चौदा वर्सांत यष्टी काय बंद नव्हती."

मग मला खड्ड्याचं सांगावं लागलं. हुसेनसाब, चौकट, काठी, डोक्याकडची चार बोटं जागा, सगळं. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. तिचा हात पहिल्यांदा सुपात थांबला. वाटलं, ती हसेल. ती हसली नाही.

"म्हंजे भ्यालास म्हणून आलास," ती म्हणाली. "सलोमीसाठी न्हाई, माज्यासाठी बी न्हाई. मी माफ केलं म्हणाले की तू पुढच्या गाडीनं मोकळा होऊन जाशील. मग मी हाय आनि ही भिंत हाय." मग म्हणाली, "तू एकटाच भितोस व्हय, नथू? तू माजं नाव वहीतनं काढलंस. वरच्या वहीतनं पण गेलं का न्हाई, मला कोण सांगणार? चौदा वर्सं मी आईतवारी दार लावून एकटीच बसते, प्रार्थना करते, आनि ती वर ऐकू जाती का न्हाई ते मला ठाव नसतंय. पोरगी तिकडं भेटंल का न्हाई ते ठाव नसतंय." तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "भीती गेली की ये. तवा बोलू."

सलोमीची जागा दाखवशील का, मी विचारलं. नाही म्हणाली. आज नाही.

मी उठलो. रस्त्यावर एका पिंपळाच्या पारापाशी गाडी थांबते, तिथं येऊन उभा राहिलो. मला वाटलं होतं, ती रागावेल, रडेल, किंवा क्षमा करेल, या तिन्हींची मी तयारी केली होती. तिलाही भीती वाटत असेल हे चौदा वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मला वाटायचं ती मला दोष देत असेल, म्हणजे तिथंसुद्धा मीच. आणि ती बाई दर रविवारी एका बंद खोलीत बसून, मी एका सकाळी कागदावरून वाचलेल्या दोन ओळी खऱ्या आहेत का, हे देवाला विचारत होती. मी, मिलचा टाइमकीपर. मी स्वर्गाच्या फाटकाला कुलूप लावून आलो होतो आणि चावी हरवली म्हणून स्वतःच रडत बसलो होतो, आणि आत जायला निघालेलं माणूस बाहेर उन्हात उभं होतं. मग पुन्हा भीती वाटली. ही भीती कालच्यासारखी नव्हती, छातीत हलत नव्हती, ती सगळ्या अंगात सारखी पसरली होती आणि तिच्यात माझ्या मापाचं काही नव्हतं. आक्काचं वय साठ. पांढरे केस, हाडं निघालेली मनगटं. ती आज संध्याकाळी गेली तर त्या दोन ओळी बरोबर घेऊन जाईल. सोलापूरची गाडी आली. कंडक्टरनं विचारलं, येताय का. मी नाही म्हणालो. ती दिवसातली शेवटून दुसरी गाडी होती.

परत गेलो तर आक्का कडी लावून बाहेर पडत होती, दोन घागरी घेऊन. गावात टँकर यायची वेळ झाली होती. मला बघून ती थांबली. मी धापा टाकत होतो. तयार केलेलं असं काही माझ्याकडं नव्हतं.

"भीती गेली नाही, आक्का," मी म्हणालो. "जाणारही नाही. पण ते नाव काढायचा मला अधिकारच नव्हता. मला नव्हता, पंचांना नव्हता. वहीतलं वहीत राहिलं, वर काही गेलेलं नाही. माझं खोटं असेल तर माझं काय व्हायचं ते होऊ दे. आणि हे मी पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभा राहून वाचणार आहे. तोवर जगलो तर. नाही जगलो तर तुला सांगून ठेवलंय."

कुठंतरी शेळी ओरडत होती. मग तिनं एक घागर माझ्या हातात दिली आणि पुढं चालू लागली. मी तिच्या मागून निघालो. माफीचं ती काही बोलली नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

देवळासमोरच्या पटांगणात आधीच तीसचाळीस बायका रांगेत होत्या, घागरी, डबे, तुटक्या बादल्या पुढं सरकवत. टँकर अजून आला नव्हता. मी चर्चचे इस्त्रीचे कपडे घातलेला, सहा फूट उंच, हातात घागर. सगळ्या बघू लागल्या. आमच्या पुढं एक जाडजूड म्हातारी होती, गौरम्मा, सिद्रामप्पांच्या घरचीच. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आक्काला विचारलं, "यार इवरु, नर्सबाई?" मिलमध्ये राहून एवढं कानडी मला येतं. हे कोण, असं ती विचारत होती. आणि आक्का गप्प राहिली.

त्या गप्प राहण्यात मला जेवढं भय वाटलं तेवढं आयुष्यात कशाचंच वाटलेलं नाही. या गावात सलोमीची गोष्ट लहानथोर सगळ्यांना माहीत असणार. कुणी जागा दिली तेही आणि कुणी दिली नाही तेही. आक्कानं नुसतं म्हटलं असतं, सोलापूरचा आहे, तरी पुरलं असतं. कुणी नाही म्हटलं असतं तरी ते खोटं झालं नसतं. तिला अधिकार होता, आणि तो मीच तिला दिला होता. मी घागरीच्या काठावर बोटं घट्ट धरून उभा राहिलो आणि देवाकडं काहीच मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. आक्कानं पदरानं कपाळावरचा घाम पुसला.

"नम तम्म," ती म्हणाली. मग ज्यांना कानडी समजत नाही त्यांच्यासाठी मराठीतनं, "माजा भाऊ हाय. धाकला."

गौरम्मानं मान हलवली, आपली घागर थोडी पुढं ओढली आणि आमच्या दोघांसाठी जागा केली. मी मान खाली घातली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या रांगेत पाण्याकडं सगळ्यांचं लक्ष होतं. वाटलं होतं, असं कुणी म्हटलं की भीती जाईल. उलट झालं. आता मरायला मी कालच्यापेक्षाही कमी तयार होतो, कारण आता मला आणखी दिवस हवे होते, ती असताना हवे होते, आणि किती आहेत ते मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. लांबून टँकरचा आवाज आला. बायका उठून उभ्या राहिल्या.